दारोदारी रक्तदाब तपासणी : भेस्तानसारख्या कामगारवस्त्यांची गरज

ताप आलेला माणूस दवाखाना गाठतो. रक्तदाब वाढलेला माणूस नेहमीप्रमाणे कामावर जातो. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार ३० ते ७९ वयोगटातील या विकाराच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याची कल्पनाच नाही आणि जेमतेम पाचांतील एकाचा रक्तदाब नियंत्रणात आहे. बहुसंख्य रुग्ण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत.

उधना आणि सचिन या रेल्वेस्थानकांदरम्यानचे भेस्तान हा सुरतच्या दक्षिणेकडील भाग. जवळच पांडेसऱ्याचे रंगाई-छपाईचे कारखाने आहेत. खानदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कामगारांच्या श्रमावर सुरतचा वस्त्रोद्योग उभा आहे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी सर्रास चालते. दवाखान्यात जायचे तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. अशा ठिकाणी तपासणीच दारापर्यंत जाणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो.

हे काम डॉक्टरच करू शकतात असे नाही. बांगलादेश, ग्वाटेमाला, मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका येथील अभ्यासात (२०१५) प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी रक्तदाब, वय, वजन, धूम्रपान आदींवरून काढलेला हृदयविकाराचा धोका तज्ज्ञांच्या निष्कर्षाशी सुमारे ९७ टक्के जुळला. बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंकेतील ग्रामीण प्रयोगात (२०२०) आरोग्यसेवकांच्या गृहभेटी, डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि समन्वित उपचार यांमुळे वरचा रक्तदाब नेहमीच्या उपचारांपेक्षा सरासरी ५ अंकांनी अधिक उतरला.

भारतात ३० वर्षांवरील व्यक्तींची प्राथमिक माहिती आशा स्वयंसेविका घरोघरी नोंदवतात व त्यांना तपासणीसाठी आणतात. शासनाच्या लेखी त्या ‘स्वयंसेविका’ असल्याने त्यांना वेतनाऐवजी कामागणिक मोबदला मिळतो. एवढी जबाबदारी सोपवायची तर प्रशिक्षण, चालू स्थितीतील यंत्र आणि रास्त मोबदला यांची हमी हवी.

मोजणीची रीतही काटेकोर हवी. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू टाळावी. पाठ टेकवून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीवर, योग्य मापाचा असावा. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. १४०/९० किंवा अधिक आकडा आल्यास दुसऱ्या दिवशी खातरजमा करावी. १८०/११० च्या पुढे गेल्यास विलंब न करता डॉक्टर गाठावा. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे अशी लक्षणे असतील तर थेट रुग्णालय गाठावे.

मात्र मोजणी म्हणजे उपचार नव्हे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा भर ठरावीक औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा आणि पाठपुरावा यांवर आहे. स्थलांतरितांच्या बाबतीत नेमका पाठपुरावाच तुटतो : दिवाळीत वा लग्नसराईत गावी गेलेल्या कामगाराच्या गोळ्या संपतात, आणि बरे वाटते म्हणून तो त्या पुन्हा सुरू करत नाही. निघण्यापूर्वी पुरेशा दिवसांची औषधे आणि नोंदीचे कार्ड हाती देणे, परतल्यावर पुन्हा दार ठोठावणे, हे स्वयंसेविकेचे काम पहिल्या मोजणीइतकेच मोलाचे आहे.

१९९४ च्या प्लेगनंतर सुरतने स्वच्छता व रोगनिरीक्षणाची यंत्रणा नव्याने उभारली. त्या साथीची भीती साऱ्या देशाला दिसली होती. रक्तदाबाची साथ दिसत नाही. म्हणूनच ती शोधत दारोदारी जावे लागते.