परक्याच्या हाती किल्ली

1916 साली अमेरिकेतल्या ओमाहा शहरात जो साँडर्स याने आपली फोर्ड ‘मॉडेल टी’ भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाला त्याने अंतर मोजणारं यंत्र बसवलं. मैलाला दहा सेंट, असा साधा हिशोब. पहिलं गिऱ्हाईक म्हणे गावोगाव फिरणारा एक विक्रेता होता आणि त्याला गावातल्या एका मुलीला फिरायला न्यायचं होतं. ती गाडी कुठे गेली याच्याशी साँडर्सला कर्तव्य नव्हतं. किती गेली, एवढंच त्याला हवं होतं.

भाड्याचं वाहन ही काही नवलाई नव्हती. घोडागाड्या भाड्याने मिळतच होत्या, पण बहुतेक वेळा गाडीवानासकट. नुसता घोडा दिला तरी त्याला निदान तबेल्याची वाट ठाऊक असायची. मोटार आपण होऊन घरी येत नाही. पुण्यात तासावर सायकल देणारा दुकानदार पोरगं कुठल्या वाड्यातलं हे चेहऱ्यावरून ओळखायचा आणि वहीत नाव टिपून मोकळा व्हायचा. अनोळखी माणसाच्या हाती मोटार सोपवणाऱ्याला ती सोय नव्हती. म्हणून या धंद्याचा इतिहास एका अर्थाने ओळखीच्या जागी काय काय आणून बसवलं, याचा इतिहास आहे.

शिकागोत 1918 साली वॉल्टर जेकब्जने डझनभर मॉडेल टी घेऊन दुकान थाटलं, तेव्हा तो विशीतच होता. गाड्यांची दुरुस्ती आणि रंगकामही तो स्वतः करायचा. 1923 साली ‘यलो कॅब’वाल्या जॉन हर्ट्झने हा धंदा विकत घेतला आणि पुढे नाव त्याचंच राहिलं. दरम्यान अमेरिकेत दारूबंदी लागू झाली होती. चोरटी दारू वाहणाऱ्यांना भाड्याची गाडी फार सोयीची. पकडली गेली तर जप्ती दुसऱ्याच्या मालावर. त्यामुळे या व्यवसायाला सुरुवातीची काही वर्षं जरा बदनामीच चिकटली.

खरा पालट विमानतळांनी घडवला. शिकागोच्या मिडवे विमानतळावर हर्ट्झची शाखा 1932 मध्येच निघाली होती, पण विमानतळाभोवतीच धंदा उभारायची कल्पना वॉरन एव्हिसची. दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात होता. विमानातून उतरलं की पुढे शहरात जायला वाहन नाही, ही अडचण त्याने अंगावर काढलेली. 1946 साली डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर त्याने गाड्या ठेवल्या. आता गिऱ्हाईक गावातलं उरलं नाही. ते आकाशातून उतरणार, बहुधा एकटं, हातात एक बॅग, आणि परवा पुन्हा उडून जाणार. अशा माणसाला कशाच्या भरवशावर गाडी द्यायची?

याचं उत्तर म्हणून पुढे आलं ते कार्ड. 1950 मध्ये डायनर्स क्लबचं कार्ड आलं आणि हळूहळू गाडी देणाऱ्या काउंटरवर रोख पैशांपेक्षा त्याचा मान वाढला. नोटांची चळत पुढे करणारा माणूस उलट संशयास्पद ठरू लागला, आणि हे आजही बऱ्याच देशांत तसंच आहे. यात एक वर्ग आपोआप बाहेर पडला. अमेरिकेत 1974 चा समान पतसंधी कायदा होईपर्यंत बाईने कार्ड मागितलं की बँक अनेकदा नवऱ्याची सही मागायची. म्हणजे परवाना स्वतःचा, पगार स्वतःचा, पण एकटीला परगावी गाडी मिळणं मुश्कील. सौदी अरेबियात तर बायकांना मुळात गाडी चालवण्याचा हक्कच मिळाला तो 24 जून 2018 रोजी.

सरकारांनी काढलेला तोडगा मात्र कार्डाहून जुना. 1909 साली पॅरिसमध्ये देशोदेशींनी एक करार केला आणि मोटारीला सीमा ओलांडण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र ठरवलं. सोबत देशाच्या आद्याक्षरांची लंबगोल पाटी आणि सगळ्यांना कळतील अशा चार खुणा: आडवा चर, वळण, चौरस्ता, रेल्वे फाटक. आज रस्त्याकडेला पाट्यांचं जंगल दिसतं, त्याचं बी हे. 1926 च्या करारात चालकाचा आंतरराष्ट्रीय परवाना वेगळा झाला आणि 1949 च्या जिनिव्हा कराराने त्याला आजचं पुस्तिकेचं रूप दिलं. भारत त्यात 1962 साली सामील झाला. आरटीओतून वर्षभरासाठी मिळणारी ती पुस्तिका म्हणजे खरं तर आपल्या मूळ परवान्याचा बहुभाषी तर्जुमा. मूळ परवाना खिशात नसेल तर तिला किंमत नाही.

या करारांच्या गुंत्यातून एक गंमत झाली आहे. जपान मानतो 1949 चा करार. जर्मनी आणि स्वित्झर्लंड 1968 च्या व्हिएन्ना कराराच्या घरातले. त्यामुळे टोकियोत उतरलेल्या जर्मन माणसाला आपल्या परवान्याचं अधिकृत जपानी भाषांतर काढावं लागतं, आणि नाशिकहून गेलेला माणूस आरटीओची पुस्तिका दाखवून गाडी घेऊन निघतो. शिवाय जपानमध्ये वाहनं डावीकडूनच चालतात. चीन मात्र असली कुठलीच पुस्तिका मानत नाही.

डावं-उजवं हा परमुलखातल्या चालकाचा सगळ्यात मोठा घोर, आणि त्यातही इतिहासाने कमी घोळ घातलेले नाहीत. पोर्तुगालने 1928 साली डावी बाजू सोडून उजवी धरली. पण त्याच्या राज्यातल्या गोव्याने सोडली नाही, कारण शेजारचा ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत होता. लिस्बनहून आलेल्या साहेबाला पणजीत उलट दिशेने चालवावं लागत असणार! स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 च्या पहाटे बाजू बदलली. पाचला दहा कमी असताना रस्त्यावरची सगळी वाहनं थांबली, हळूच पलीकडे सरकली आणि पाचच्या ठोक्याला पुढे निघाली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 26 मे 1968 ला, आइसलँडने बाजू बदलली. बेटाला वळसा घालणारा 1,322 किलोमीटरचा रिंग रोड तिथे 1974 मध्ये कुठे पुरा झाला, कारण दक्षिणेकडच्या हिमनदीच्या वाळवंटावर पूल बांधणं फार अवघड होतं. नोव्हेंबर 1996 मध्ये बर्फाखालच्या ज्वालामुखीने वितळवलेलं पाणी लोंढ्याने आलं आणि त्या पुलांचा काही भाग घेऊन गेलं. आता एकट्याने गाडी घेऊन फिरणाऱ्यांची ती पंढरीच आहे. पण तिथल्या भाडेपट्टीत इतर कुठे सहसा न दिसणाऱ्या ओळी सापडतात. वाळू आणि राखेने रंग खरवडला तर त्याचा विमा वेगळा. दार उघडताना वाऱ्याने मागे मुडपलं तर खर्च बहुतेक वेळा चालकाचा. आतल्या डोंगराळ वाटांवर फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी न्यायला बंदी, आणि नदीतून गाडी घातली तर विमा हात वर करतो. निसर्गावर भरवसा नाही, म्हणून कागद लांबत गेला.

कधीकधी भाड्याची गाडी ओळखू येणं हाच धोका ठरतो. फ्लोरिडात अशा गाड्यांच्या क्रमांकपाट्या ठरावीक अक्षरांनी सुरू व्हायच्या. परदेशी पाहुणा कोण, हे लुटारूंना त्यावरून दुरून कळे. 1993 च्या सुमारास काही पर्यटकांचे खून झाल्यावर ती अक्षरं काढून टाकण्यात आली. जपानमध्ये मात्र भाड्याच्या गाडीवर आजही ‘वा’ हे अक्षर असतं आणि गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे. भारताच्या 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान 50 गाड्यांची अट आहे. दोन-चार गाड्यांचा मालक त्यात बसणार कसा? मग पांढऱ्या पाटीची खासगी गाडी गुपचूप भाड्याने जाते.

मालकाच्या भरवशाला तडा देणारे किस्से तर किती! 1966 साली हर्ट्झने शेल्बी मस्टँग या जोरकस गाडीचे सुमारे 1,000 नग भाड्याने ठेवले, बरेचसे काळे, वर सोनेरी पट्टे. लोक ती शनिवारी न्यायचे, शर्यतीच्या मैदानात पिदडायचे आणि सोमवारी निरागस चेहऱ्याने परत करायचे. न्यूझीलंडमध्ये 2014-15 च्या सुमारास उलटं घडलं: पर्यटक चुकीच्या बाजूने चालवताना दिसले की स्थानिक लोक त्यांच्या किल्ल्याच काढून घेऊ लागले.

आणि आता गिऱ्हाईकही सावध झालंय. गाडी ताब्यात घेताना ते मोबाइल चालू करून तिला प्रदक्षिणा घालतं. बंपरवरचा ओरखडा, काचेवरचा टवका, रिमची खरचट, टाकीचा काटा, सगळं टिपतं. शेवटी खिडकीतून वाकून डॅशबोर्डवरच्या किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढतं, आणि मग बटण दाबून निघतं. किल्ली बऱ्याच गाड्यांना आता नसतेच.