आईला कॅन्सर झालाय, हे मुलांना सांगायचं का? आणि कसं?

२२ मार्च २०२४ रोजी ब्रिटनच्या प्रिन्सेस ऑफ वेल्स केट यांनी एका व्हीडिओतून आपल्याला कॅन्सर झाल्याचं जाहीर केलं. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन जानेवारीतच झालं होतं आणि त्या दिसत का नाहीत, याची चर्चा जगभर सुरू होती. जॉर्ज, शार्लट आणि लुई यांना समजेल अशा पद्धतीनं सगळं सांगायला वेळ लागला, असं केट यांनी या व्हीडिओत सांगितलं. मुलं तेव्हा १०, ८ आणि ५ वर्षांची होती.

अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांच्यापुढेही २०१८ मध्ये हाच प्रश्न होता. १२ वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं याची काळजी वाटत होती, पण त्याच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं आणि त्यानं ते समजूतदारपणे घेतलं, असं त्यांनी सोशल मीडियावर लिहिलं होतं.

हा प्रश्न फक्त प्रसिद्ध घरांमधला नाही. भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. पाश्चात्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे अनेकदा निदान होतं तेव्हा घरात शाळेत जाणारी मुलं असतात.

लपवलं तर काय होतं?

'ती लहान आहेत, त्यांना कशाला सांगायचं?' असं घरातली मोठी माणसं म्हणतात. हेतू चांगलाच असतो. पण आजी देवघरासमोर रडतेय, बाबा फोन घेऊन गॅलरीत जातायत, आईचे केस गळतायत, हे मुलांना दिसत असतं. कुणी काही सांगत नसेल, तर ती स्वतःच कारण शोधतात आणि ते बऱ्याचदा खऱ्यापेक्षा भयानक असतं. शिवाय हीच गोष्ट शेजाऱ्यांकडून किंवा शाळेतल्या मुलाकडून कळली, तर घरच्यांवरचा विश्वासही डळमळतो.

मुलांच्या मनातले तीन प्रश्न

बोलून दाखवोत वा न दाखवोत, बहुतेक मुलांच्या मनात तीन प्रश्न असतात.

'माझ्यामुळे झालं का?' साधारण ३ ते ६ वर्षांच्या मुलांना आपल्या वागण्यामुळेच गोष्टी घडतात असं वाटतं. 'तू फार त्रास देतोस, म्हणून आई आजारी पडली' हे वाक्य घरात कुणी गंमतीतही म्हणू नये. 'तू काही केल्यामुळे हे झालेलं नाही,' हे आईनं पुन्हा पुन्हा सांगावं.

'मला होईल का?' कॅन्सर संसर्गजन्य नाही. मिठी मारल्यानं, एकत्र जेवल्यानं, शेजारी झोपल्यानं तो होत नाही. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. मोठ्या मुलींना ही भीती जास्त वाटते, त्यांची शंका डॉक्टरांसमोर विचारू द्या.

'माझ्याकडे कोण बघणार?' डबा कोण देणार, शाळेतून कोण आणणार, रात्री जवळ कोण झोपणार, हे मुलांसाठी फार मोठे प्रश्न असतात. त्यांना नावानिशी उत्तर द्या: 'सोमवारी मावशी येईल, बाकीचे दिवस बाबा सोडतील.'

वयानुसार कसं सांगाल?

लहान मुलांना दोन-तीन वाक्यं पुरतात. 'आईच्या छातीत गाठ आली आहे. त्या आजाराला कॅन्सर म्हणतात. औषधामुळे आईला दमायला होईल आणि केसही जातील.' आजाराचं नाव घ्या. नुसतं 'आई आजारी आहे' म्हटलं, तर प्रत्येक सर्दी-तापाची मुलाला भीती वाटू शकते. केमो सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, त्यामुळे ते आधीच सांगितलेलं बरं.

किशोरवयीन मुलं इंटरनेटवर शोधणारच. त्यांना आजार आणि उपचारांची खरी माहिती द्या. घरकामात मदत जरूर मागा, पण मुलगी मोठी आहे म्हणून सगळं घर तिच्यावर टाकू नका. त्यांचे मित्र, खेळ, क्लास सुरू राहू द्या. वर्गशिक्षकांनाही कल्पना द्या.

'आई, तू मरणार का?'

हा प्रश्न आलाच, तर 'असं अभद्र बोलू नये' म्हणून गप्प करू नका. 'मी नक्की बरी होणार' असं वचनही देऊ नका, कारण ते पाळणं तुमच्या हातात नाही. 'डॉक्टर चांगले उपचार करतायत. काही बदललं तर मी तुला सांगेन,' हे खरंही आहे आणि आधार देणारंही.

आजार बरा होणार नाही असं स्पष्ट झालं असेल, तर तेही मुलांना हळूहळू सांगावं लागतं. 'आई देवाघरी जाणार', 'झोपी जाणार' अशा शब्दांनी लहान मुलं गोंधळतात, कधी झोपायलाच घाबरतात. अशा वेळी मुलांना मामाकडे किंवा गावी पाठवून देण्याची पद्धत आहे. पण शक्य असेल तर आईसोबतचा वेळ त्यांच्याकडून काढून घेऊ नये. हे कसं बोलायचं, यासाठी पॅलिएटिव्ह केअरच्या टीमची मदत मिळते.

उपचार सुरू असताना घरात काय काळजी घ्यावी?

• केमोनंतर साधारण ४८ तास औषधाचे अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतात. टॉयलेट वापरल्यावर दोनदा फ्लश करा, खराब झालेले कपडे वेगळे धुवा. मुलांना जवळ घ्यायला हरकत नसते.
• केमो सुरू असताना अंगावर पाजू नये.
• बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनमुळे आईच्या शरीरातून किरण बाहेर पडत नाहीत. थायरॉइड कॅन्सरसाठी रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन दिलं असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस मुलांपासून लांब राहावं लागतं.
• केमोमुळे प्रतिकारशक्ती कमी होते. मुलाला कांजिण्या, गोवर किंवा ताप आला, तर डॉक्टरांना कळवा. मुलांच्या लसी चुकवू नका, पण तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीबद्दल आधी विचारा.
• आईला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. हा नियम घरातल्या मोठ्या मुलांनाही सांगून ठेवा.

मदत कुठे मिळते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत आहे, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमधल्या मेडिकल सोशल वर्करना घरी लहान मुलं असल्याचं पहिल्याच भेटीत सांगा.

मूल बरेच आठवडे नीट झोपत-जेवत नसेल, शाळेत जायला तयार नसेल, पुन्हा अंथरूण ओलं करत असेल किंवा एकदम गप्प झालं असेल, तर समुपदेशकाला भेटा. टेली मानसच्या १४४१६ या मोफत हेल्पलाइनवर २४ तासांत कधीही मराठीत बोलता येतं. मुलांसाठी आणि आईसाठीही.