चरबीच्या गाळातून गुडघ्यात
झिजलेल्या गुडघ्यात स्वतःच्याच पोटाच्या चरबीतील पेशी टोचण्याच्या उपचाराचे मूळ उंदरांवरील एका प्रयोगात आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील मार्टिन रॉडबेल यांनी उंदराची चरबी कोलॅजनेज या विकराने विरघळवून मिश्रणाची नळी यंत्रात वेगाने फिरवली. चरबीच्या पेशी वर तरंगल्या, बाकीचे तळाशी बसले. रॉडबेल यांना हवी होती वरची साय. तळातला गाळ त्यांच्या कामाचा नव्हता. आजचा उपचार त्याच गाळावर उभा आहे.

माणसाची चरबी मुबलक मिळू लागली ती सौंदर्यशस्त्रक्रियेमुळे. पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी १९७७ पासून बोथट नळीने चरबी शोषण्याचे तंत्र रुळवले. पुढे जेफ्री क्लाइन यांनी त्वचेखाली आधी भुलीचे पातळ द्रावण भरण्याची रीत आणली आणि रक्तस्राव खूपच घटला. अशा फेकल्या जाणाऱ्या चरबीच्या तशाच गाळात हाड, कूर्चा, स्नायू बनू शकणाऱ्या पेशी असतात, हे पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले. अशा पेशी अस्थिमज्जेतही असतात, पण त्यासाठी कंबरेच्या हाडात सुई घालावी लागते, पेशीही थोड्या मिळतात. चरबीची निवड झाली ती मुख्यतः सोयीपोटी.

नवी कूर्चा उगवेल ही आशा मात्र फारशी फळली नाही. टोचलेल्या पेशी सांध्यात फार काळ टिकत नाहीत. त्यांतून स्रवणारी द्रव्ये दाह शमवतात, असे आता मानले जाते. अशा पेशींना ‘मेसेन्कायमल मूळपेशी’ हे नाव रूढ करणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते बदलावे, असे लिहिले. दक्षिण कोरियात २०१४ मध्ये १० कोटी पेशी टोचलेल्या रुग्णांचे दुखणे कमी झाले, पण तुलनेला पेशी न टोचलेला गट नव्हता. २०२३ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत तुलना झाली, तेव्हा वर्षभरानंतर चरबीच्या पेशी साध्या स्टेरॉइड इंजेक्शनपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

भारतात २०१९ च्या नियमांनुसार मूळपेशींपासून बनवलेले उत्पादन नवे औषध गणले जाते. त्याला मंजुरी लागते. २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी मंजूर झालेले बेंगळुरूचे स्टेमप्यूसेल निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेपासून बनते, चरबीपासून नव्हे.