दादीचं 'जहर'

साताऱ्यात लहानपणी केस्तूड झालं की दादी कणकेत हळद-तेल घालून पोटीस बांधायची. "फोडे कू दबाव नक्को, जहर अंग में जाता," असं बजावायची. बी.एड. झाल्यावर मला ते अडाणीपणाचं वाटू लागलं. जहर कसलं, जंतू असतात, असं मी वर्गात सांगायचो. पुढे या रोगाचा इतिहास वाचला आणि कळलं, दादी फारशी चुकली नव्हती.

1880 च्या सुमारास स्कॉटलंडचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांना गळवाच्या पुवात गुच्छांनी राहणारे जंतू दिसले. त्यांनी नाव दिलं स्टॅफिलोकोकस. ग्रीकमध्ये 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षांचा घड. तासगावच्या मुलांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

1894 मध्ये इकडे मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं. त्याच वर्षी बेल्जियममध्ये व्हान द वेल्ड यांनी दाखवलं, की हा जंतू विष सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशी मारतो. 1932 मध्ये पँटन आणि व्हॅलेंटाइन यांनी या विषाचा संबंध गळवांशी जोडला. ते पेशींना भोकं पाडतं. पुवात मोठा भाग असतो तो या मेलेल्या शिपायांचाच. काही जातींचं विष निराळं असतं. ते कातडीच्या पेशींना जोडणारं प्रथिन कापतं आणि तान्ह्या बाळाची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते.

आमच्या दादांचा भाऊ काळपुळीनं गेला. तेव्हा पेनिसिलिन मिळत नव्हतं. फ्लेमिंगना ते 1928 मध्ये याच जंतूच्या बशीत सापडलं होतं, पण पिंपरीचा सरकारी कारखाना निघाला 1954 मध्ये. तोवर पेनिसिलिनला दाद न देणारे जंतूही जगात दिसू लागले होते.

सांगलीच्या माझ्या चाचांना शुगर आहे. मानेवर काळपुळी आली, घरीच पिळली, दुकानातून आणलेल्या गोळ्या दोन दिवस घेतल्या. ताप चढल्यावर दवाखाना आठवला. अल्लाहच्या कृपेनं वाचले.

गोळी जंतू मारते, पण आधीच सुटलेलं विष परत घेत नाही. म्हणून वेळेला किंमत आहे. शुगर असेल, ताप असेल, गळू चेहऱ्यावर असेल किंवा बाळाची कातडी सुटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दादीचं वाक्य आता मी वर्गात तिच्याच बोलीत सांगतो.