प्रवासातले पाणी : फिरकीचा तांब्या आणि युरोपचे आठ दिवस

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास आपण आजवर लेखकांच्या आणि देशांच्या अंगाने लिहीत आलो आहोत. कोण कुठे गेले, केव्हा गेले आणि कोणत्या शैलीत लिहिले, या क्रमाने गोडसे भटजींपासून मीना प्रभूंपर्यंतची मालिका मांडली की वाङ्मयप्रकाराचा आढावा पुरा झाला असे मानण्याचा प्रघात आहे. या मालिकेत दोन साध्या गोष्टींची दखल मात्र सहसा घेतली जात नाही. प्रवासी किती दिवसांसाठी गेला आणि जाताना त्याने बरोबर काय नेले? या दोन प्रश्नांपाशी थांबले तर प्रवासवर्णनाचा एक वेगळा, काहीसा अडचणीत टाकणारा इतिहास समोर येतो. प्रस्तुत लेखात तो मुख्यत्वे पुण्याच्या संदर्भात आणि एका भांड्याच्या आधाराने पाहायचा आहे.

आजच्या पुण्यात हे दोन्ही प्रश्न हिवाळ्यात एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात. एकीकडे आठ-दहा दिवसांच्या युरोप सहलींच्या जाहिराती असतात. त्यांत आल्प्सची शिखरे असतात, नाताळच्या बाजारांनी उजळलेली स्ट्रासबर्ग-व्हिएन्नासारखी शहरे असतात. दुसरीकडे भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनांतून हाताने शिवलेले खणाचे बटवे, पासपोर्टची कापडी पाकिटे आणि गोधडीच्या टाक्यांच्या पिशव्या विकल्या जातात. १९४० साली पुण्यात स्थापन झालेल्या हातकागद संस्थेच्या कागदाची रोजनिशी आणि पाण्यासाठी तांब्याची बाटली घेतली की हौशी प्रवाशाचा सरंजाम पुरा होतो. हा सरंजाम 'परंपरेचा' म्हणून विकला आणि घेतला जातो. ती परंपरा नेमकी कोणती, हे विचारायला हवे.

जुन्या मराठी प्रवाशाच्या सामानाला आपल्या भाषेत नेमके शब्द आहेत : पडशी, वळकटी, घोंगडी, चंची, कसा, शिदोरी. या यादीतील सर्वांत कल्पक वस्तू म्हणजे फिरकीचा तांब्या. पितळेचा फुगीर देह, आट्यांनी घट्ट फिरवून बसवायचे झाकण आणि धरायला कडी. बैलगाडीच्या हिसक्यांत किंवा रेल्वेच्या गर्दीतही पाणी सांडू नये, हे त्याचे उघड प्रयोजन. पेशवाईत पुण्याच्या कसबा पेठेत वसलेली तांबट आळी आजही ठोक्याच्या आवाजावरून ओळखता येते. तांबे ठोकून त्यावर मठारकाम करण्याची तिथली कला पाहिली की अशा भांड्यामागे किती हातांची किती पिढ्यांची कसोशी उभी असते याची कल्पना येते.

परंतु या तांब्याचे दुसरेही एक प्रयोजन होते आणि ते झाकणाच्या आट्यांइतकेच घट्ट होते. परक्या हातचे पाणी प्यावे लागू नये, ही त्याची खरी गरज. धातूचे भांडे घासून शुद्ध होते, मातीचे होत नाही; म्हणून प्रवासात धातू. फिरकीचा तांब्या म्हणजे घरातले सोवळे वाटेवर नेण्याची सोय होती. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेले गोडसे भटजी परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले, हे 'माझा प्रवास'च्या (१९०७) वाचकांना आठवत असेल. तिथे पाणी हे प्रवासाचे पुण्यफळ आहे. पवित्र पाणी घरी आणायचे आणि अपवित्र पाणी वाटेत टाळायचे, या दोन टोकांच्या मध्ये जुना प्रवास घडत होता.

ज्याच्या हाती हा तांब्या नव्हता आणि ज्याला वाटेतले पाणीही मोकळे नव्हते, त्याचा प्रवास कसा होता? जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. ते पाऊल किती मोठे होते, हे त्या काळच्या पाण्याच्या नकाशावरूनच कळते. १९०१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहान असताना साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले होते. मसूर स्थानकावर उतरून बैलगाडीने जाताना बरोबर शिदोरी होती. पण जात कळल्यावर पाणी मिळेना, म्हणून ती पोटभर खाता आली नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या इंग्रजी आत्मकथनपर टिपणात ही हकिगत येते. शीर्षकातला परदेशप्रवासाचा शब्द आणि आतला सातारा जिल्ह्यातला रस्ता, यांची ही जोड मराठी प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासात यायला हवी. ती सहसा येत नाही, कारण आपण प्रवासवर्णन म्हणजे सुखाने पाहिलेल्या देशाचे वर्णन असे गृहीत धरले आहे.

समुद्रापलीकडचा प्रवास हा याच प्रश्नाचा पुढचा टप्पा. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई पुढच्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नाचा त्यांना प्रवासखर्चासाठी उपयोग झाला आणि तिकडून लिहिलेले पत्र 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून १८८३ मध्येच प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परतेन, अशी ग्वाही त्यांना निघण्यापूर्वी जाहीर सभेत द्यावी लागली होती. परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा पुण्यात अंत झाला.

पुढे तीनच वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचे प्रकरण घडले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे तेथे उपस्थित होती आणि त्या पेल्याचे प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. ते चव्हाट्यावर आणण्यात पुढाकार होता आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचा! ज्यांची पत्नी महासागर ओलांडून गेली त्यांनीच सुधारकांच्या धैर्याची परीक्षा एका पेठेतल्या चहावर घ्यावी, हा इतिहासातला विलक्षण उपरोध आहे. पंचहौद हे नावच मुळी पाण्याच्या पाच हौदांवरून पडलेले. पुणेकराला परदेश गाठण्यासाठी समुद्रच ओलांडावा लागे असे नाही. पेठेतला एक पेलाही तेवढाच दूर होता.

विसाव्या शतकात हा धाक हळूहळू ओसरला आणि मराठी प्रवासवर्णनाला बहर आला. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) ही त्यातली ठळक नावे. या प्रवासांना अवधी होता आणि बहुधा प्रयोजनही होते. पु. ल. बीबीसीत दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी गेले होते. त्याआधी, १९२९ मध्ये, एकाहत्तर वर्षांचे महर्षी कर्वे जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत भारतीय स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर बोलले. आल्प्सच्या पायथ्याशी गेलेला हा पुणेकर पर्यटक नव्हता. स्त्रियांच्या विद्यापीठाचे काम त्याच्याबरोबर होते. शिष्यवृत्ती, परिषद, निमंत्रण किंवा पदवी यांपैकी काही असल्याशिवाय युरोप दिसत नसे. म्हणजे आपण ज्या प्रवासवर्णनांना अभिजात मानतो, ती मूठभर निवडलेल्या माणसांची प्रवासवर्णने होती, हेही नमूद केले पाहिजे.

मग प्रवास आखूड झाला. १९६० मध्ये एअर इंडियाची जेट विमाने सुरू झाली आणि पुस्तकातले जहाजावरचे प्रकरण संपले. वाचकाला परक्या जगासाठी हळूहळू तयार करणारे ते प्रकरण होते. परकीय चलनावरचे निर्बंध मात्र टिकून होते. १९७३ च्या फेरा कायद्याने ते अधिकच आवळले. ते १९९१ नंतर सैल होत गेले आणि २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला ठरावीक मर्यादेत परदेशी पैसे पाठवण्याची मुभा दिली. तिकडे १९९५ मध्ये शेंगेन करार अमलात आला, २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या, २००८ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडही शेंगेनमध्ये सामील झाले. एका व्हिसावर आठ दिवसांत चार देश ही कल्पना या तारखांतून जन्मली. १९८४ मध्ये निघालेली केसरी आणि २०१३ मधली वीणा वर्ल्ड यांसारख्या मराठी माणसांच्या कंपन्यांनी ती घरोघर पोचवली.

या आखूड सहलीची टिंगल करणे साहित्यिक वर्तुळात सोपे असते. युंगफ्राउयोखचे ३,४५४ मीटरवरचे स्थानक, १९१२ मध्ये तिथवर पोचलेली रेल्वे, टिटलिसवर 'दिलवाले दुल्हनिया'च्या जोडीचे पुठ्ठ्याचे पुतळे, त्यांच्याशेजारी छायाचित्र, आणि संध्याकाळी वरण-भात. परंतु या सहलींनी जे केले ते शिष्यवृत्त्यांनी केले नव्हते. निवृत्त शिक्षिका, पतीच्या नोकरीपलीकडे कधी प्रवास न केलेल्या गृहिणी, इंग्रजी बोलायला बिचकणारी माणसे यांना युरोप दिसला. खास स्त्रियांसाठी निघणाऱ्या सहलींनी तर एकट्या बाईच्या प्रवासाला घरातून होकार मिळवून दिला. रमाबाई आणि आनंदीबाई यांनी जे जिवाच्या करारावर केले, ते आता हप्त्यांवर करता येते. यात हसण्यासारखे काय आहे?

खरा प्रश्न दिवसांच्या संख्येचा नाही, झाकणाचा आहे. परदेशात रोज आपलेच जेवण, आपलीच भाषा, आपलीच माणसे, अशी हमी देणारी सहल हा एका अर्थी प्रचंड मोठा फिरकीचा तांब्याच आहे. सोवळ्याची जागा आवडीने घेतली, हा फरक लहान नाही. आवडीमुळे कोणी दुसऱ्याला हौदावरून हाकलत नाही. तरीही बाहेरचे पाणी आत येऊ नये ही रचना जुनीच.

सणाच्या शहरांबाबत हे अधिक जाणवते. 'यात्रा' आणि 'जत्रा' हे मुळात एकच शब्द. आपल्या भाषेला प्रवास आणि मेळा वेगळे वाटलेच नाहीत. दोन्ही पालख्या मुक्कामाला आल्या की पुणे पाहुण्यांचे होते, आणि गणेशोत्सवात तर रस्तेच घर होतात. अशा शहरातला माणूस १५७० पासून भरत आलेल्या स्ट्रासबर्गच्या नाताळ बाजारात उभा राहतो, तेव्हा त्याला गर्दी, दिवे, खाऊ, देवाच्या नावाने चाललेला व्यापार हे सारे ओळखीचे असते. तो तिथे परका नसून दुसऱ्या गावच्या जत्रेला आलेला जत्रेकरू असतो. ही ओळख पटायला दोन महिने लागत नाहीत; अर्धा तास पुरतो. परंतु तो अर्धा तास लिहिणारे मराठी गद्य अजून फारसे दिसत नाही. आखूड सहलीवरचे आपले बहुतेक लेखन लांब प्रवासवर्णनाची छोटी नक्कल करते : इतिहासाचा परिच्छेद, निसर्गाचा परिच्छेद, शेवटी मातृभूमीची आठवण. अवधी बदलला, रूप बदलले नाही. थोड्या काळात एकच गोष्ट नीट पाहणारा, लघुनिबंधाच्या जवळ जाणारा प्रकार इथे घडायला वाव आहे. काणेकर हे प्रवासवर्णनकार होते तसेच लघुनिबंधकारही होते, हे इथे आठवावे.

हाताने केलेल्या वस्तूंकडेही याच नजरेने पाहता येईल. खणाचा बटवा शिवणाऱ्या हातांना दाम मिळतो, हे चांगलेच आहे. परंतु तांब्याच्या भांड्याला 'आपली परंपरा' म्हणताना त्या परंपरेत १८६८ चा हौद आणि १९०१ ची पाण्यावाचून राहिलेली शिदोरीही येते, याचे भान सुटू नये. कारागिराची कसोशी आणि वापरणाऱ्याचे सोवळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जपावी, दुसरीचा हिशेब मांडावा. वस्तूचा इतिहास लिहिणे म्हणजे दोन्ही करणे.

काळाने मात्र या भांड्याची एक गंमत केली आहे. २००६ नंतर विमानात शंभर मिलिलिटरहून जास्त पाणी बरोबर नेण्यावर निर्बंध आले. फिरकीच्या तांब्याची वंशज असलेली तांब्याची बाटली त्यामुळे तपासणीच्या रांगेत रिकामी करावी लागते. घरचे पाणी घरीच राहते आणि भांडे तेवढे पुढे जाते. झुरिक शहरात बाराशेहून अधिक सार्वजनिक कारंजी आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे पाणी पिण्याजोगे असते आणि ओंजळ पुढे करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. परक्याचे पाणी टाळण्यासाठी घडलेले भांडे तिथे परक्याच्या पाण्याने भरले जाते. आठ दिवसांच्या सहलीत एवढे जरी कोणाच्या ध्यानात आले आणि त्याने ते दोन पानांत लिहिले, तरी मराठी प्रवासवर्णनात नवी भर पडेल.