ऋषीची भाजी

गेल्या भाद्रपदात मंडळाच्या ओट्यावर आम्ही ऋषिपंचमीची भाजी निवडीत बसलो होतो. एका नव्या सुनेने सहज विचारले, "काकू, ही भाजी ऋषींच्या काळची, तर मग तिच्यात मक्याचे कणीस कसे?" आम्ही जुन्याजाणत्या क्षणभर गप्पच झालो. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

ऋषिपंचमीचा नियम आपणांस ठाऊकच आहे : बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खावयाचे नाही. नांगरटीचे गहू-ज्वारी वर्ज्य. परसात हाताने खणून लावलेले किंवा आपोआप उगवलेले तेवढे चालते. म्हणून अळू, माठ, सुरण, पडवळ, शिराळे यांची बिनफोडणीची भाजी आणि जोडीला वऱ्याचे तांदूळ, कोठे देवभात. नांगर येण्यापूर्वी माणूस काठीने, कुदळीने जमीन उकरून पेरीत असे, आणि हे काम बहुतांशी बायकांच्या हाती असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळाची खूण या एका जेवणात उरली असावी.

नव्या धान्याचा मान तर वेदकाळापासूनचा. देवाला अर्पण केल्याशिवाय गृहस्थाने नवे धान्य खावयाचे नाही, असा दंडक होता. त्या विधीला आग्रयण म्हणत. पावसाळ्यात सावा, शरदात भात, वसंतात जव, असा त्याचा क्रम. आपली नवान्न पौर्णिमा त्याच वळणाची. कोकणात भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने व कुरडूची फुले बांधून 'नवे' दाराला लावतात. देशावर पौषात भोगीला पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर, बोरे, उसाचे करवे अशी मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. शेतात जे तयार झाले, ते ताटात आले.

आता मक्याविषयी. मका, तांबडा भोपळा, भुईमूग आणि मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोहोचला 1492 साली. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये. त्यानंतरच्या काळात ही पिके आपल्या परसात रुजली. भेंडी आफ्रिकेकडून आली असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यांना ऋषींच्या पंक्तीला बसविण्यासाठी कोणी धर्मसभा भरविली नाही. बैलावाचून परसात येते ना? मग चालेल, असे घरोघरच्या बायकांनीच ठरविले असेल. नियम राहिला, भाजी वाढत गेली.

येथे एक मनातले सांगते. या व्रताच्या कथेत विटाळ न पाळल्याबद्दल बाईला कुत्रीचा जन्म येतो, आणि तिच्या नवऱ्याला बैलाचा. लग्नानंतर कित्येक वर्षे मी ती खाली मान घालून ऐकली. पुढे माझ्या मुलीने विचारले, "आई, तुझे काय चुकले होते?" मला उत्तर देता आले नाही. मासिक धर्म हा देहधर्म आहे, पाप नव्हे. त्या वर्षापासून पोथी फडताळात राहिली. भाजी मात्र दरसाल चुलीवर चढते. बायकांनी मक्याला जागा दिली, तशी या कथेला रजाही देता येईल, असे मला वाटते.

आता पुष्कळ शेते ट्रॅक्टरने नांगरली जातात. 'बैलाला श्रमच नाहीत, मग पोळी चालेल का?' हा प्रश्न पुढल्या सुनेचा! तिचे उत्तर तीच शोधील. आपण एवढे करावे : आपापल्या घरी या भाजीत काय काय पडते, ते आजी-सासूबाईंना विचारून वहीत उतरवून ठेवावे. अळूची जात, रानातल्या पाल्याचे नाव, वाढण्याची रीत, सारे. बखरीत हे सापडावयाचे नाही. ते त्यांच्याच तोंडी आहे, आणि त्या आहेत तोवरच विचारता येईल.