खाडीकाठची जर्मन विद्या

ठाणे आणि कल्याण या जुन्या बंदरांच्या मुलुखात परकी भाषा बहुधा तलवारीच्या नाहीतर तराजूच्या पाठोपाठ आल्या. फारसी दप्तरातून आली आणि सनद, मजकूर, वहिवाट, फेरफार अशा शब्दांच्या रूपाने तलाठ्याच्या कागदांत आजही ठाण मांडून आहे. पोर्तुगीज वसई-ठाण्याच्या किल्ल्यांबरोबर आली आणि १७३९ पर्यंत चिमाजी अप्पांच्या मोहिमेने त्या किल्ल्यांबरोबरच हद्दपार झाली. इंग्रजीने १७७४ साली ठाण्याचा किल्ला कंपनी सरकारच्या हाती पडल्यावर जो तळ दिला तो अद्याप उठलेला नाही. जर्मन भाषेला मात्र या खाडीकाठी ना किल्ला लाभला, ना खजिना, ना कचेरी. ती शिकण्याची सक्ती येथे कोणावरही कधी झाली नाही. जो कोणी ती शिकला तो बहुधा दुसऱ्याच एखाद्या विद्येसाठी, धंद्यासाठी अगर प्रवासासाठी शिकला, आणि एका मोठ्या समाजाची भाषा व संस्कृती म्हणून विद्यापीठात तिचा निवांत अभ्यास करण्याची बुद्धी आपल्या लोकांना फार उशिरा झाली.

अशा दुसऱ्या विद्यांतील पहिली म्हणजे संस्कृत. जर्मन पंडित मार्टिन हाउग १८५९ पासून १८६६ पर्यंत पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात संस्कृतचा अध्यापक होता. १८६३ साली गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात रुजू झाला. आणि हाउगच्या मागोमाग फ्रान्झ कीलहॉर्न पुण्यास येऊन १८८१ पर्यंत राहिला. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी मिळून ‘बॉम्बे संस्कृत सीरिज’ ही ग्रंथमाला सुरू केली हे सर्वश्रुत आहे. पण ब्यूलरने रेमंड वेस्ट या न्यायाधीशाच्या सहकार्याने १८६७ साली प्रसिद्ध केलेला हिंदू धर्मशास्त्राचा संग्रह इलाख्यातील निरनिराळ्या अदालतींच्या शास्त्र्यांनी दिलेल्या व्यवस्थांवरून सिद्ध झाला होता, आणि त्या अदालतींत ठाण्याची अदालतही होती, ही गोष्ट ठाणेकरांच्या फारशी कानावर नसावी. दत्तकाचा हक्क कोणाला आणि विधवेची पोटगी किती, असल्या प्रश्नांवर ठाण्याच्या शास्त्रीबुवांनी बोरूने लिहिलेली उत्तरे एका जर्मन पंडिताने छाननी करून ग्रंथात बसवली. जर्मन विद्वत्तेशी या जिल्ह्याचा आलेला पहिला ठळक संबंध मला हाच दिसतो, आणि त्यात जर्मन भाषेचे एक अक्षरही नव्हते.

भाषा मागाहून आली ती कोशाच्या रूपाने. ब्योटलिंक आणि रोट यांनी १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत सात खंडांत रचलेला सेंट पीटर्सबर्गचा संस्कृत कोश ज्याला वापरावयाचा त्याला जर्मन टाळता येत नसे. कारण शब्द संस्कृत, उतारे संस्कृत, परंतु अर्थ सांगणारी वाक्ये जर्मन, आणि तीही संक्षेपांनी ठासून भरलेली. आपल्याच वेदातील एखाद्या शब्दाच्या पोटात शिरण्यासाठी म्लेंच्छ भाषेच्या दारातून जावे लागते याची खंत जुन्या मंडळींना वाटली असेल. पण रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्यांनी ती खंत बाजूस सारून ती विद्या आत्मसात केली. १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना सन्माननीय पदवी दिली आणि दुसऱ्याच वर्षी ते व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस गेले. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी जर्मनचा अभ्यास केला तो अशाच प्रयोजनाने. पुढच्या पिढीतील पांडुरंग दामोदर गुणे यांनी लाइप्सिकला आणि विष्णु सीताराम सुखटणकर यांनी बर्लिनला डॉक्टरेट मिळवली. आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची पाठचिकित्सा सुखटणकरांनी भांडारकर संस्थेत ज्या शिस्तीने चालवली तिच्यात बर्लिनचे संस्कार स्पष्ट दिसतात. इरावती कर्वे १९३० साली बर्लिनहूनच डॉक्टरेट घेऊन परतल्या, तोवर ही वाट पुष्कळ रुळली होती. मात्र या सर्वांच्या दृष्टीने जर्मन ही पायरी होती. पायरीवर बैठक घालून राहण्याचा त्यांचा विचार नव्हता.

मुंबईत याच काळात जर्मन माणसे महाविद्यालय चालवीत होती. सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली स्थापन केले ते जर्मन जेझुइटांनी. पहिले महायुद्ध सुरू होताच सरकारच्या लेखी हे अध्यापक शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले, कित्येकांना नजरकैद झाली, आणि १९१६ पर्यंत बहुतेकांची रवानगी मायदेशी करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात पुरंदर किल्ल्यावर जर्मन कुटुंबांना ठेवण्यात आले, तो प्रकारही त्याच जातीचा. ज्या भाषेला राजाश्रय नाही तिला राजकोप मात्र चुकत नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या संबंधात जर्मन विद्येचा खरा प्रवेश झाला तो रसायनशास्त्राच्या द्वारे. आणि येथे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण या प्रकरणात आपल्या देशाचे दुःख आणि आपल्या जिल्ह्याचे पोट ही दोन्ही गुंतलेली आहेत. बाडिश कारखान्याने, म्हणजे ज्याला आपण बीएएसएफ म्हणतो त्याने, १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत हिंदुस्थानातील निळीची लागवड धुळीस मिळवली. ही रंगरसायनांची विद्या ज्या नियतकालिकांत आणि ग्रंथांत नमूद होत होती ते बहुतेक जर्मनमध्ये. बाइलस्टाइनचा सेंद्रिय रसायनशास्त्राचा महाकोश १८८० च्या दशकात प्रथम निघाला आणि त्याच्या पुरवण्यांवर पुरवण्या शंभर वर्षे जर्मनमध्येच निघत राहिल्या. इंग्रजीचा अवलंब त्याने केला तो १९८४ च्या सुमारास. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला. रंग आणि औषधे यांच्या संशोधनात पडलेल्या तेथल्या विद्यार्थ्याला या महाकोशाची पाने चाळता येणे क्रमप्राप्तच होते.

ही रसायनज्ञांची जर्मन मोठी चमत्कारिक. पानावर रचनासूत्र, खाली उगम, कृती आणि गुणधर्म. वितळणबिंदूसाठी ‘एफ’ आणि उत्कलनबिंदूसाठी ‘केपी’ हे संक्षेप. सहज विरघळणाऱ्यासाठी दोन ‘एल’, न विरघळणाऱ्यासाठी आणखी एक आखूड खूण. मग स्फटिक सुईसारखे की पत्र्यासारखे, रंगहीन की पिवळट, एवढे कळले की काम भागले. असा विद्वान साठ ओळींचा परिच्छेद शब्दकोशाच्या साहाय्याने बिनचूक लावी, परंतु त्याला फ्रँकफुर्टच्या फलाटावर उभा केला असता तर पाण्याचा पेला मागता आला नसता. तरीही ती विद्या खोटी नव्हती. तिनेच आपल्या रंगधंद्याचा पाया घातला.

१९५० नंतर या विद्येला कारखान्याचे रूप आले. ठाण्याजवळ बाळकुमला बायर आणि होक्स्ट यांच्या सहकार्याने कलर-केम उभी राहिली, कोलशेत रस्त्यावर खुद्द बायरचा कारखाना आला, ठाण्याच्या वेशीवर मुलुंडला होक्स्टची औषधे तयार होऊ लागली, आणि खाडीपलीकडे कळव्याला सीमेन्सने आपल्या विद्युत् यंत्रसामग्रीचा विस्तीर्ण कारखाना वसवला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे वसाहत आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत ही त्याचीच अपत्ये. डोंबिवलीत रंग, रंगांची मध्यस्थ रसायने, औषधे यांचे लहानमोठे कारखाने दाटीने उभे राहिले. तेथील कामगार ‘एच ॲसिड’, ‘जी सॉल्ट’, ‘आर सॉल्ट’ अशी नावे घरच्या माणसांसारखी घेतो; पिंपावरच्या पट्टीवर रंगाच्या नावापुढे ‘आर’ असेल तर छटा लालसर, ‘जी’ असेल तर पिवळसर, ‘बी’ असेल तर निळसर, हे तो न अडखळता सांगतो. ही अक्षरे जर्मन कारखान्यांच्या वहिवाटीतून आलेली. वागळे वसाहतीच्या बाजूला लोखंडी सामानाच्या दुकानात आजही गिऱ्हाईक ‘डिन ९१२’ मागतो आणि दुकानदार काही न विचारता षट्कोनी खाचेचा स्क्रू काढून देतो. ते जर्मन मानकाचे नाव आहे, याची चौकशी करण्याची गरज दोघांनाही पडत नाही.

या कारखान्यांतील अभियंत्यांना आणि रसायनज्ञांना प्रशिक्षणासाठी लेव्हरकुसेन, एर्लांगेन अशा ठिकाणी धाडण्याची रीत होती, आणि त्या निमित्ताने नौपाड्यातील व डोंबिवलीतील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत जर्मन भाषेचे पहिले पुस्तक आले. ते पुस्तक बहुधा शुल्त्स आणि ग्रीसबाख या जोडीचे, १९५५ साली प्रथम निघालेले. गोएटे संस्थेची स्थापना म्युनिकला १९५१ सालची. हिंदुस्थानात तिच्या शाखांनी माक्स म्यूलर भवन असे नाव घेतले, आणि ते योग्यच झाले. कारखान्यातून सुटल्यावर काळा घोड्याच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रात्रीच्या गाडीने डोंबिवलीस परतणाऱ्या नोकरदारांची एक पिढीच झाली. या मंडळींना तीन लिंगांची भीती वाटली नाही, कारण मराठीत ती आहेतच. गौणवाक्यातील क्रियापद शेवटी ठेवण्याचेही त्यांना नवल वाटले नाही. विभक्तींचा संस्कृतमुळे सराव होता. इंग्रजी माध्यमातून शिकलेली त्यांची मुले मात्र या तिन्ही ठिकाणी अडखळतात, असे जुने शिक्षक सांगतात आणि मला ते पटते.

भाषेबरोबर तिचे वाङ्मय, इतिहास आणि समाजजीवन शिकावयाचे तर वाट कालिन्याची. मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीतील जर्मन विभागात जावयाचे म्हणजे कल्याण-डोंबिवलीच्या विद्यार्थ्याने कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून बस धरावी, आणि लेसिंग, शिलर, हाइने वाचावयाचे ते बहुधा गाडीत, खिडकीशेजारची जागा मिळालीच तर. गर्दीच्या वेळी डोंबिवलीहून चढणाऱ्याला ती मिळत नाही, हे निराळे सांगावयास नको. येथे शिकणाऱ्याला १९९० पर्यंत एक अडचण अशी होती की, संस्कृती शिकावयाची ती कोणत्या जर्मनीची? पश्चिमेची पुस्तके एका बाजूने येत आणि पूर्वेची दुसऱ्या बाजूने; आणि मराठी रंगभूमीला नाटककार ब्रेख्ट भेटला तो मुख्यतः पूर्वेच्या वाटेने. वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी विजया मेहतांच्या समवेत चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ उभे केले; १९७८ साली पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली आणला, आणि त्याच वर्षी ठाण्यात गडकरी रंगायतन उघडले. ब्रेख्टचे नाव ज्यांनी वर्गात ऐकले त्यांच्याहून नाटकाच्या जाहिरातीत वाचलेल्यांची संख्या आपल्याकडे अधिक भरेल. यात वावगे काही नाही. उलट विद्यापीठातील विभागाने नाट्यगृहाशी याहून अधिक सोयरीक जोडावयास हवी होती.

उलट दिशेनेही एक माणूस आला, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. गुंथर सोन्थायमर हा जर्मन पंडित पुण्यास हिंदू कायदा शिकावयास आला आणि धनगरांच्या वाड्यावस्त्यांत रमून गेला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील त्याचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला. ज्या ओव्या आपल्या शहरी साहित्यिकांनी दुर्लक्षिल्या त्या त्याने हायडेलबर्गला बसून लावल्या. आपल्या लोकदैवतांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला जर्मनची ओळख करून घेण्याचे त्यामुळे एक नवे कारण लाभले, आणि कोशाच्या काळचीच स्थिती पुन्हा उद्भवली.

अलीकडच्या काळातील हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. २००७ साली जर्मन सरकारने पतीकडे अगर पत्नीकडे जाऊ इच्छिणाऱ्यास प्राथमिक जर्मनची परीक्षा आवश्यक केली, आणि डोंबिवलीतील लग्न ठरलेल्या मुलींच्या याद्यांत शालू, पासपोर्ट यांच्या जोडीला ‘ए-वन’ हे नवे कलम दाखल झाले. २०११ साली केंद्रीय विद्यालयांत जर्मन तिसरी भाषा म्हणून आली आणि २०१४ च्या नोव्हेंबरात, शाळेचे वर्ष निम्मे उलटल्यावर, तिच्या जागी संस्कृत बसवण्याचा निर्णय झाला; ब्यूलर-कीलहॉर्नच्या या दोन विद्यांना सवती म्हणून उभे करण्याची कल्पना ज्या कोणाला सुचली त्याचा इतिहासाशी परिचय बेताचाच असावा. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे. श्टुटगार्ट ज्याची राजधानी त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ साली कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला.

इकडे कोलशेत-बाळकुमच्या जुन्या कारखान्यांच्या जमिनींवर टोलेजंग निवासी संकुले उभी राहिली आहेत. याच बाळकुमला मुंबई विद्यापीठाने आपले ठाणे उपकेंद्र थाटले. कालिन्याच्या विभागात प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या एखाद्या कल्याणकर विद्यार्थ्याने गोएटेवर तीनशे एकावा ग्रंथ लिहिण्यापेक्षा या जमिनीकडे पाहावे असे मला वाटते. बायरचा दप्तरखाना लेव्हरकुसेनला आहे, सीमेन्सचा बर्लिनला. परदेशांतील व्यवहारांचे कागद अशाच दप्तरखान्यांत धुंडाळावे लागतात, आणि ते लावण्यासाठी कारखान्याची परिभाषा, कायद्याची भाषा आणि त्या समाजाचा युद्धोत्तर स्वभाव ही तिन्ही अवगत असलेला अभ्यासक पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकांत जे तरुण लेव्हरकुसेनला जाऊन आले त्यांतील पुष्कळांनी आता ऐंशी ओलांडली आहे. त्यांची पत्रे, छायाचित्रे आणि वर्गाच्या वह्या नौपाड्यातील व डोंबिवली पूर्वेतील घरांच्या माळ्यांवर असतील. त्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळे रिकामे होतात आणि कागद रद्दीवाल्याच्या हवाली होतात. तेव्हा दप्तरखान्यांना अर्ज मागाहून केले तरी चालतील. आधी माळे पाहावेत.